विसाव्याचा दगड

त्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला, नार्दोला, एकच ध्यास लागला होता. आईला मोरा खिंडीत न्यायचं, तिथल्या चॅपेलसमोर उभं करायचं आणि सगळ्या वाल्मोरा गावाच्या देखत जनरलच्या हातून तिच्या छातीवर पदक लावून घ्यायचं.

सासूबाईंचं नाव मेनिया. पंचाहत्तरीला आलेल्या, अंगानं वाळक्या, पाठीत किंचित पुढे झुकलेल्या. पहिल्या महायुद्धात खिंडीच्या अलीकडच्या धारेवर आमची फौज आणि पलीकडच्या धारेवर ऑस्ट्रियाची, अशा दोघी समोरासमोर बसून होत्या. वर जायला गाडीरस्ता नव्हता, खेचरं पुरत नव्हती आणि गावातले पुरुष तर सगळे कुठल्या ना कुठल्या आघाडीवर. मग फौजेनं बायकांना विचारलं. बायकांनी चुलीवरचं भांडं उतरवलं, पाठीवर टोपली चढवली आणि निघाल्या. ज्या टोपलीतून एरवी गवत आणि शेणखत जायचं, तिच्यातून आता काडतुसं, तोफेचे गोळे आणि पाव जायला लागले. सासूबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. दंडावर लाल पट्टी, पायात चिंध्या शिवून केलेले जोडे आणि चढता चढता हातात मोजा विणायच्या सुया, कारण आमच्या डोंगरात रिकामे हात म्हणजे आळस आणि आळस म्हणजे पाप.

इतक्या वर्षांनी सरकारला जाग आली आणि या ओझेकरी बायकाही त्या लढाईतल्या शिपाईच होत्या असं ठरलं. तोवर वाल्मोरात त्यांच्यातल्या सासूबाई एकट्याच उरल्या होत्या.

नार्दो आमच्या गावच्या पिसाच्या टोपीवाल्यांचा प्रमुख. डोंगरी पलटणीत नोकरी केलेल्या माणसाला ती टोपी मिळते, काळ्या पिसाची, आणि ती त्याच्याबरोबर जन्मभर राहते. नार्दो दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या बर्फातून चालत परत आला. सोबत निघालेले निम्मेही आले नाहीत. आमचा मुलगा इव्हानो नुकताच त्याच पलटणीतून सुटून आला होता. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन टोप्या टांगलेल्या असायच्या, सासऱ्यांची, नवऱ्याची आणि मुलाची. सासूबाई त्यांची धूळ झटकताना प्रत्येकीशी बोलायच्या. सासऱ्यांच्या टोपीला मात्र रागावूनच. "जिवंत होतास तेव्हाही कोपऱ्यातच बसायचास, आताही बघ."

टोपीवाल्यांचं गाव असणं म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. कुणाचं छप्पर वादळात उडालं, तर दुसऱ्या सकाळी अंगणात शिड्या लागलेल्या असतात. कुणी म्हातारी एकटी असेल, तर तिच्या दाराशी फोडलेल्या लाकडांची रास असते. कुणी बोलावत नाही आणि कुणी आभारही मागत नाही. मी खालच्या दरीतून लग्न होऊन आले, तेव्हा मला वाटायचं ही माणसं जरा जास्तच एकमेकांच्या दारात असतात. पुढे पुढे कळलं, देवानं या माणसांना डोंगर दिला म्हणून हातही तसेच दिले.

तर आईला वर न्यायचं कसं? जीपनं. पण वाट खेचराएवढीच रुंद. मग नार्दोनं ठरवलं, वाटेचा रस्ता करायचा.

सासूबाईंनी ऐकलं आणि हातातला मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळायचा दांडा तसाच वर धरला. "जीप? मला? पोरा, त्या वाटेनं मी तोफेचे गोळे नेलेत. आता स्वतःची हाडकं नेता येणार नाहीत होय?"

"आई, तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस."

"आणि तू जन्मलाही नव्हतास. तरी शिकवतोस."

"जनरल येतोय, आई. तू वाटेत धापा टाकत बसलीस तर तो काय म्हणेल?"

"म्हणेल, बाई दमली. लढाईत कुणी म्हटलं नाही, आता म्हणू दे."

बरीच हुज्जत झाली. शेवटी मऊ पडल्या. "बरं बाबा, बसते तुझ्या गाडीत. पण एक सांगून ठेवते. तिसऱ्या विसाव्याशी गाडी थांबव. मला खाली उतरायचंय."

"थांबवू की, आई," नार्दो म्हणाला आणि कुदळीचा दांडा ठोकायला अंगणात गेला. कुठला विसावा, कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. म्हातारं माणूस, वाटेत उतरावं लागतं, एवढंच आम्हा दोघांच्या मनात आलं.

जून आणि जुलैचे सगळे शनिवार-रविवार पुरुष वर होते. पहारी, कुदळी, घण, ढकलगाड्या. इव्हानोच्या वयाची पोरंही आणि सत्तरीचे आजोबाही. सकाळी चॅपेलच्या दिशेनं क्रुसाची खूण करायचे आणि कामाला लागायचे. खाली गावात त्यांच्या गाण्याचा आवाज यायचा. एकजण ओळ उचलायचा, बाकीचे ती खालच्या सुरात धरायचे. आम्ही बायका बटाटा आणि चीजचं फ्रिको तव्यावर खरपूस करून कापडात बांधून पाठवायचो. वर जाऊन बघितलं, तर असा रस्ता झाला होता की फादर ओल्विनोंच्या डोळ्यांत पाणी आलं. "नार्दो," ते म्हणाले, "यशया संदेष्टा म्हणतो, डोंगर सपाट होतील, वाटा सरळ होतील. मला वाटायचं ते परलोकातलं बोलणं असेल."

काम संपलं त्या दिवशी सगळे आमच्याकडे जेवायला होते. अंगणात फळ्यांचं टेबल मांडलं होतं. बेर्तो गवंडी नार्दोचा जिवलग, दोघं रशियातून एकमेकांना ओढत आलेले. त्याला दोन पेले वाईन झाली की त्याच्या अंगातला गवंडी बोलायला लागतो.

"मेनियाकाकी, तुमच्या त्या वाटेवर काय काय निघालं म्हणून सांगू! जागोजागी कडेला धोंड्यांचे ओटे. कमरेएवढे उंच, वरून सपाट. आत वाटेत आलेले. कुणी कशाला रचले असतील देव जाणे. खेचरं अडवायला असतील."

सासूबाई पोलेंता वाढत होत्या. "कुठले ओटे?"

"अहो, चार-पाच होते. सगळ्यात मोठा लार्चच्या झाडांच्या वळणावरचा. काय दगड होता! घण मारमारून माझे खांदे उतरले. पण खडी मात्र अशी छान झाली की वळणाचा सगळा भराव त्याच्यात निघाला."

"फोडलात," सासूबाई म्हणाल्या.

"फोडला म्हणजे काय, भुगा केला! जीपला वळायला जागा नको?"

सासूबाईंनी पळी पातेल्यात ठेवली, हात एप्रनला पुसले आणि आत निघून गेल्या. बेर्तोला वाटलं, त्या आणखी वाईन आणायला गेल्या. मलाही तसंच वाटलं. त्या बाहेर आल्याच नाहीत.

सकाळी कॉफी ओतता ओतता त्या म्हणाल्या, "नार्दो, मी खिंडीत येणार नाही."

नार्दोला आधी चेष्टा वाटली. "का? जनरल आवडला नाही?"

"येणार नाही म्हटलं ना."

"आई, सगळा गाव दोन महिने वर राबलाय! तुझ्यासाठी!"

"मी राबायला सांगितलं नव्हतं."

"आणि पदकाचं काय करू?"

"तुझ्या छातीवर लावून घे. जागा आहे भरपूर."

त्या आठवड्यात आमच्या घरात भांड्यांचाच आवाज होता. नार्दो माझ्यावर चिडायचा, "तू विचार ना! तुझ्याशी बोलते ती." मी विचारलं. सासूबाईंनी जपमाळ पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "निवेस, पोरी, शेंगा सोल." मी शेंगा सोलल्या. नार्दोला वाटायला लागलं, म्हातारी हट्टाला पेटली आहे, तिला चालत जायचं होतं आणि आपण जीप आणली म्हणून हा राग. शेवटी तो फादर ओल्विनोंकडे गेला. "तुम्हीच काहीतरी करा. तुमचं ती ऐकते."

फादर ओल्विनो प्रवचन बोलत नाहीत, गातात. सुरुवात साधी बोलण्यानं होते, मग एक शब्द लांबतो, मग तो वर चढतो आणि बघता बघता शुभवर्तमानातली गोष्ट आमच्या डोंगरातल्या चालीवर चालायला लागते. मध्येच थांबतात, आमच्यापैकी एखाद्याकडे बघून दोन वाक्यं घरगुती बोलतात, की पुन्हा सूर. खालच्या दरीतले लोक नावं ठेवतात, म्हणतात हा पुजारी आहे की गवई? ठेवू देत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासर परकं होतं, पण त्या रविवारच्या एका तासासाठी मी आठवडा काढायची. बायबल मी शाळेत वाचलं होतं, पण ते मला कळलं फादर ओल्विनोंच्या तोंडून, सुरात.

त्या रविवारी त्यांनी कुरेनेकर शिमोन घेतला. ख्रिस्त क्रुसाखाली पडतो आणि शिपाई वाटेवरच्या एका माणसाला धरून क्रूस त्याच्या खांद्यावर देतात. फादर गात होते, शेतावरून घरी चाललेला साधा माणूस, त्याला कुणी विचारलं नाही, त्यानं काही मागितलं नाही, पण ओझं वाहणाऱ्याचं नाव पवित्र पुस्तकात राहिलं. मग ते आमच्या वाल्मोरावर आले. आमच्या आयांच्या पाठीवर, आमच्या टोपल्यांवर. मग त्या मुलांवर, ज्यांनी आयांसाठी डोंगर सपाट केला. सूर मऊ झाला. आता एक आई रुसून घरात बसली आहे, मुलानं वाट मोकळी केली, वाटेतला एकेक धोंडा फोडला...

"फादर, थांबा."

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. प्रवचनाच्या मध्ये कुणी उभं राहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. फादरांचा हात सुरासाठी उचललेला, तसाच हवेत राहिला.

"शिमोनाला वाटेत कुणी विसावा दिला का हो?" त्या म्हणाल्या. "लिहिलंय कुठे?"

"नाही, मेनिया. लिहिलेलं नाही."

"आम्हाला होता." त्यांनी पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. "भरलेली टोपली एकदा जमिनीवर ठेवली की एकटीला परत उचलत नाही. उचलायला गेलं तर कंबर जाते. म्हणून ते ओटे. कुणी रचले ते आमच्या आज्यांनाही ठाऊक नव्हतं. बाईच्या पाठीच्या उंचीला बरोबर. उलटं व्हायचं, टोपली ओट्यावर टेकवायची, पट्टे खांद्यातून काढायचे नाहीत. जपमाळेचे दहा मणी म्हणायचे आणि चालायला लागायचं. तेवढाच विसावा. खेचर अडवायला नव्हते ते, बेर्तो."

बेर्तो मागच्या रांगेत होता. त्यानं मान खाली घातली.

"लार्चच्या वळणावर मी आणि कातीना बरोबर टेकायचो. कातीना माझ्याएवढीच, पण माझ्याहून उंच, आणि जीभ अशी की खेचरानंही ऐकावं. त्या दिवशी बर्फ होतं. आम्ही टेकलो. मी मणी ओढत होते. माझे झाले, तिचे होईनात. मी म्हटलं, कातीने, झोपलीस काय, उठ, वरचे वाट बघतात. ती बोलेना. पलीकडच्या धारेवरून गोळी आली होती. मला आवाजही आला नाही. ती पडली नाही हो. टोपली दगडावर होती आणि ती टोपलीच्या पट्ट्यांत. तशीच उभी राहिली."

सासूबाई बोलत राहिल्या.

"तिच्या टोपलीतले गोळे आम्ही मागून आलेल्या बायकांनी वाटून घेतले आणि वर गेलो. आधी गोळे. मग उतरताना तिला आणलं. पुढे तिचं घर जळलं, माणसं गेली, दफनभूमीची ती कड पुरात गेली. राहिला होता तो दगड. गवताला गेलो की आम्ही तिथे पाठ टेकायचो, तिचे मणी म्हणायचो. एकेक करत त्या सगळ्या गेल्या. मी राहिले."

नार्दो माझ्या शेजारी बसला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"मी पोराला दोष देत नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं. पुरुष लढाईवरून आले की त्यांच्या गोष्टी ऐकायच्या असतात. आम्ही ऐकत बसलो. आधी नवऱ्यांच्या, मग पोरांच्या. पण फादर, पिसाच्या टोपीवाला गेला की तुम्ही म्हणता, तो मेला नाही, पुढे गेला. नाव पुकारता आणि सगळे मिळून हजर म्हणता. कातीनाचं नाव कुणी पुकारलं नाही. ती कुठे गेली, ते मला सांगा. मग मी येते पदक घ्यायला."

त्या बसल्या. फादर ओल्विनो पायऱ्या उतरून खाली आले, प्रवचन अर्धवट सोडून, जे ते कधी करत नाहीत.

"मी चुकीचं गायलो, मेनिया," ते म्हणाले.

मिस्साची बाकीची उपासना त्यांनी सुराशिवाय केली.

बाहेर आल्यावर बेर्तो भिंतीला टेकून रडत होता, मोठा दांडगा माणूस. "मीच घण मारला," एवढंच म्हणत होता. दुपारी तो परत वर जाऊन आला. दगड कुठे मिळणार होता? वळणाखाली खडी होऊन पसरलेला, त्यावर रोलर फिरलेला. संध्याकाळी तो आमच्या दारात आला, हातात कागदावर काढलेलं चित्र. सिमेंटचा चौथरा, वर पांढरा संगमरवर, त्यावर सोनेरी अक्षरांत कातीनाचं नाव. "चार दिवसांत उभा करतो, काकी. रात्रंदिवस."

सासूबाईंनी चित्र डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं. "सुंदर आहे रे. याच्यावर पाठ टेकवायला कोण धजेल?"

"टेकवायला नाही, बघायला."

"बघायला तिला कुणी गेलं नव्हतं." चित्र त्यांनी परत दिलं, पण त्याच्या गालावर थोपटलं. "जा, सूप घे. तोंड बघ कसं झालंय."

नार्दो दोन दिवस नुसता गवत कापत राहिला. मी गप्प राहायची नाही, पण दुसऱ्या दिवशी जपूनच बोलले. "तू तिला तेव्हाच विचारायला हवं होतंस," मी म्हटलं, "विसावा म्हणजे काय ते."

"तेव्हाच?" तो म्हणाला. "निवेस, मी तिला जन्मात काही विचारलेलं नाही. रशियातून आलो तेव्हा वर्षभर रोज तिला सांगत होतो. बर्फ कसं होतं, कोण कुठे पडला. ती बसून ऐकायची. एकदाही म्हणाली नाही की पोरा, बर्फ मलाही माहीत आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई खिडकीशी विणत बसल्या होत्या. नार्दो आला, लाकडाचा ठोकळा ओढून त्यांच्या पायांशी बसला. दाढीही केलेली नव्हती.

"आई, पहिल्यापासून सांग."

"काय सांगू?"

"सगळं. पहिल्या विसाव्यापासून. कुठे टेकायचीस, कोण पुढे असायचं, काय बोलायचात."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गवत कापायचंय ना तुला?"

"गवत राहू दे."

मी चुलीशी होते आणि उगाचच चुलीशी राहिले. सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली, आधी तुटक, मग सलग. पहिल्या विसाव्याशी कोण शिळ्या पावाचा तुकडा वाटायचं. कुठल्या वळणावरून पलीकडचे दिसायचे, तिथे कशा धावत सुटायच्या. वर पोचल्यावर ते शिपाई, इकडचेतिकडचे, कुणाची भाषा कळायची नाही, पण ओझं उतरवताना डोळे भरायचे त्यांचे. कातीना एका सार्जंटला काय बोलली ते सांगताना हसायला लागल्या, इतक्या की विणकामाचे टाके सुटले. नार्दोही हसला. मग त्याच म्हणाल्या, "माझी टोपली माळ्यावर आहे. काढ खाली."

"का?"

"त्या वाटेनं बाई रिकाम्या पाठीनं वर गेलेली नाही कधी. मी काय पहिली जाऊ? आणि जीप त्या जनरलला दे. त्याला गरज असेल."

समारंभाच्या रविवारी सकाळी त्यांनी टोपलीत पाव भरले. फार नाही, वरच्या लोकांना मिस्सानंतर वाटायला पुरतील एवढे. नार्दो म्हणाला, मी उचलतो. त्यांनी नुसतं पाहिलं. मग त्यानं पट्टे त्यांच्या खांद्यांवर नीट बसवून दिले, लहान पोराला शाळेत पाठवताना दप्तराचे बसवतात तसे.

आम्ही निघालो. पुढे सासूबाई, शेजारी नार्दो, मागे फादर, बेर्तो, टोपीवाले, बायका. बायकांपैकी काहींनी आपापल्या टोपल्या घेतल्या होत्या. कुणी तसं ठरवलं नव्हतं. एकीत चीज होतं, एकीत फुलं आणि सुताराच्या बायकोच्या टोपलीत तिचं तान्हं. सासूबाई अशा चालत होत्या की मला वाटलं, ही पाठ वाकलेली नाही, ही ओझ्याच्या बेतानं घडलेली आहे. हळू, पण एका लयीत, पाय पूर्ण टेकवून. तोंडानं मणी चालू होते. पहिल्या विसाव्याच्या जागी थांबल्या नाहीत, नुसता हात केला. दुसऱ्याला श्वास जोरात होता. नार्दो म्हणाला, "आई, बसतेस?" त्या म्हणाल्या, "अजून नाही."

लार्चचं वळण आलं. झाडं तीच, सावली तीच आणि खाली आमचा रुंद, पांढरा, सुंदर रस्ता. सासूबाई कडेला गेल्या, मागं वळल्या, पाठ टेकवायच्या बेतानं एक पाऊल मागं सरकल्या, जशा पन्नास-साठ वर्षं सरकत आल्या असतील. मागं काहीच नव्हतं. टोपलीनं त्यांना मागं ओढलं, त्या डळमळल्या. मी ओरडले.

नार्दो त्यांच्यामागे पोचला होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली, त्यांच्याकडे पाठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाकला.

"टेक, आई."

"वेडा झालास? लोक बघतायत."

"बघू देत. टेक."

"तुला पेलायचं नाही."

"तू सतराव्या वर्षी पेललंस. टेक म्हणतो ना!"

टोपली त्याच्या पाठीवर टेकली. सासूबाईंच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. पट्टे सैल झाले, मान खाली आली. मग बेर्तो पुढे आला. टोपी काढून खिशात कोंबली आणि नार्दोच्या शेजारी तसाच वाकून उभा राहिला. त्याच्या पाठीवर काही नव्हतं. कुणीही विचारलं नाही की ही जागा कुणाची.

फादर ओल्विनोंनी पुकारलं, आवाज न चढवता, "कातीना!"

आणि टोपीवाले, बायका, पोरं, सगळं वळण म्हणालं, "हजर."

सासूबाईंनी जपमाळ काढली. "नमो मरिये," त्यांनी सुरू केलं आणि आम्ही सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या मण्याला फादरांनी सूर दिला, अगदी खालचा. त्या दिवशी त्यांनी प्रवचन केलंच नाही, तरी मी आजवर ऐकलेलं ते सर्वांत मोठं प्रवचन होतं.

मध्येच वरून जनरलचा ड्रायव्हर धावत आला. "लवकर चला, साहेब वाट बघतायत!"

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. "सांग त्यांना, ओझं येतंय. मणी अजून संपले नाहीत."

पोरगा आमच्याकडे बघत राहिला, मग त्यानंही टोपी काढली.

"नार्दो," सासूबाई हलकेच म्हणाल्या.

"काय, आई?"

"थोडा वर हो. आमचा दगड जरा उंच होता."

नार्दोनं गुडघे ताठ केले आणि पाठ वर उचलली.

"हां," त्या म्हणाल्या, "इथेच," आणि पुढचा मणी ओढला.